शेजारची अक्का

अक्का गेल्यावर वडगावला शोकसभा झाली. कोर्टाच्या मागच्या हॉलमध्ये बायका मावत नव्हत्या. खुर्च्या संपल्या तेव्हा मागच्या बायका सतरंजीवर बसल्या. मी चौथ्या ओळीत, पंख्याखाली. एकेक जण उठायची, माइक हातात घ्यायची, रडायची आणि सांगायची की ताई म्हणजे नुसती माया होत्या, ताईंनी कधी कुणाला दुखावलं नाही. मी मान खाली घालून मनात म्हणत होते, साफ खोटं. माझी बहीण मायाळू नव्हती. तिच्या टेबलासमोर बाई रडायला लागली की ती तिला पोटभर रडू द्यायची, मग पाण्याचा पेला पुढे सरकवायची आणि म्हणायची, "झालं? आता बोल. नवऱ्यानं काय केलं ते मागून. तू काय केलंस ते आधी." कितीतरी जणी तिथून चिडून उठल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. पस्तीसेक वर्षं तिनं हे समुपदेशनाचं काम केलं, पायात लोखंड बांधून. सभेत माझ्या शेजारी आंबीकडची एक तरुण बाई बसली होती. तिनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मावशी, तुमची पण केस व्हती का ताईंकडं?" मी म्हटलं, "हो, होती." त्या सभेत मी बोललेलं तेवढंच, आणि ते खरं होतं.

आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहायचो. आप्पा गँगमन होते, रुळांच्या दुरुस्तीवर. घरात माणसं चारच, आई, आप्पा, अक्का आणि मी. अक्काचं नाव सुजाता, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि तापाबरोबर डावा पाय गेला. पोलिओ. पुण्याच्या दवाखान्यातून तिला कॅलिपर मिळालं होतं. कॅलिपर म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, चार चामड्याचे पट्टे, खाली जड काळा बूट, आणि गुडघ्याशी एक कडी. उभं राहिलं की कडी पडून पाय ताठ व्हायचा, बसताना ती वर ओढावी लागायची. खट्. दिवसभर घरात तो आवाज. कर्जतहून घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन स्टेशनात सोडायचे तेव्हा सगळी चाळ हलायची, त्या आवाजाला आम्ही मानही वळवत नसू. पण अक्काचं खट् मला झोपेतही ऐकू यायचं आणि माझं डोकं फिरायचं.

सकाळी तिचे पट्टे बांधणं माझ्याकडे होतं. ती स्वतः बांधू शकायची, पण वेळ लागायचा, आणि आईला सकाळी वेळ नसायचा. मला मैत्रिणींबरोबर शाळेत पळायचं असायचं आणि ही पाय लांब करून बसलेली. मग मी रागानं मांडीचा पट्टा एक भोक जास्त ओढायची, मुद्दाम. संध्याकाळी कॅलिपर काढलं की मांडीवर जांभळी रेघ उठलेली असायची. त्या रेघेवरून ती माझ्याकडे बघत सावकाश बोट फिरवायची. आईला तिनं कधी सांगितलं नाही. शाळेत मुली "तुझी अक्का कशी चालते गं?" म्हणायच्या. मी गुडघ्यावर हात दाबून, कमरेत हेलपाटत चालून दाखवायची. हुबेहूब जमायचं मला. एकदा वर्गाच्या दारात अक्का माझा विसरलेला डबा घेऊन उभी होती. तिनं सगळं बघितलं, डबा बाकावर ठेवला आणि म्हणाली, "हात डावा दाबायचा. तू उजवा दाबतेस." मुली आणखी हसल्या. हे सगळं मी आता लिहिते आहे कारण ते माझ्याखेरीज कुणाला माहीतच नाही.

आमची खोली चाळीच्या टोकाला, नळाच्या बाजूला. पाणी यायच्या आधी बायका हंडे रांगेत लावायच्या आणि आमच्या पायरीवर येऊन टेकायच्या. अक्का दारात पाटावर बसून तांदूळ निवडत असायची, नाहीतर सुकटीची डोकी खुडत. तिला कुठं जाता येत नव्हतं, तेव्हा सगळ्या तिच्याकडे यायच्या. कुणाचा नवरा पिऊन येतो, कुणाची सासू मिठाच्या बरणीवरसुद्धा नजर ठेवते, कुणाला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. अक्का वर न बघता ऐकायची आणि मध्येच एखादा प्रश्न टाकायची. त्या प्रश्नानं बाई गप्प व्हायची, किंवा चिडायची. "लय शानी लागून गेली," असं म्हणत हंडा उचलायची. दुसऱ्या दिवशी पायरीवर तीच बाई पहिली. आमच्या आईला हे आवडायचं नाही. "बसल्या जागी चांभारचौकश्या," ती म्हणायची. आईचं सगळंच तिखट होतं, हातचं कालवणसुद्धा. बोंबील भाजले की मोठा तुकडा माझ्या ताटात पडायचा. "हिला परक्याच्या घरी द्यायचीया, हिच्या अंगाला लागू दे," ती अक्कासमोर म्हणायची. अक्का शेपटीचा तुकडा काट्यासकट चावून खायची. आप्पा तेव्हा वर्तमानपत्रात. आप्पा वाचणारे माणूस होते. जयंतीला विहारात त्यांचं भाषण असायचं आणि समतेवर ते फार चांगलं बोलायचे, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं.

मी दहावी पास झाले आणि मला बघायला यायला सुरुवात झाली. आमच्याकडे थोरली बिनलग्नाची घरात असताना धाकटीला बघायला आले की पहिला प्रश्न ठरलेला, थोरली का राहिली? आणि थोरली लंगडी आहे म्हटलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे. घराण्यात खोट आहे म्हणायचे. म्हणून पहिल्या दोन वेळेला अक्काला शेजारी चाचीकडे पाठवलं. चाची म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन मुलाण्यांची बायको. तिच्या घरी अक्का दार लावून बसली. पण चाळीत काय लपतं? एका पाहुण्याला बाहेरच पोरांनी सांगितलं, दुसऱ्यांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. दोन्ही स्थळं गेली. आईनं दोन्ही वेळेला रात्रीची भाकरी अक्काच्या ताटात लांबून टाकली.

तिसऱ्या वेळेला अक्कानंच तोडगा काढला. "लपवायचं कशाला?" ती म्हणाली. "मी आतल्या खोलीत खाटेवर बसते. पायावर चादर, मांडीवर सूप. बसल्यावर मी धडधाकटच दिसते. विचारलं तर सांगा, थोरली आहे, हिचं ठरत आलंय, अंगात जरा कणकण आहे म्हणून उठत नाही." आप्पांना ते पटलं. तिच्या तोंडावरचा आनंद मला आज कळतो. बहीण म्हणून पाहुण्यांच्या समोर असायला मिळणार होतं तिला. आदल्या दिवशी तिनं गुलाबी साडीला इस्त्री मारली, तांब्यात निखारे घालून. माझ्या वेणीत घालायला गजरा केला आणि उरलेल्या फुलांचा छोटासा स्वतःला. अट एकच घातली. कॅलिपर घालून मांडी घालता येत नव्हती, आणि चादरीखालून बूट दिसला असता, म्हणून ते काढायचं, पण खाटेखाली हाताला लागेल असं ठेवायचं. "रजू, तुझ्याकडे देते. खाटेखालीच ठेव. मधे उठावं लागलं तर मागच्या दारानं जाईन." मी हो म्हटलं. पट्टे मीच सोडले.

पाहुणे आंबीचे होते. शेती होती, आणि मुलगा तिथल्या कारखान्यात कायम झालेला. बरोबर आईवडील. ते चाळीच्या तोंडाशी आले असं कळलं तेव्हा मी खाली वाकून बघितलं तर खाटेखालून तो काळा बूट दिसत होता. मला ते स्थळ हवं होतं. मुलगा मी एकदा लांबून बघितला होता आणि मला तो आवडला होता. अक्का आरशात बघून गजरा माळत होती तेवढ्यात मी कॅलिपर उचललं, मागच्या दारानं चाचीच्या घरी गेले, तिच्या गव्हाच्या डब्यामागे ते ठेवलं आणि परत आले. अक्काला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बसलीच नसती.

कार्यक्रम छान झाला. चाचीच्या घरून आणलेल्या कपबश्यांतून चहा दिला. आमच्या घरात पेलेच होते, बशी फक्त पाहुण्यांना. मुलानं मला किती शिकलीस विचारलं, मी सांगितलं. थोरलीचं सांगायची वेळच आली नाही, कारण सासऱ्यांनी आल्याआल्या रेल्वेच्या बदल्यांवर बोलायला सुरुवात केली आणि आप्पा रंगले. मग आप्पा म्हणाले, आता जेवूनच जा. आईनं मटण टाकलं. तांदूळ मावळातला, शिजला की घरभर वास. एक तास झाला, दोन तास झाले. मी आत-बाहेर करत होते. आतल्या खोलीत गेले की अक्का माझ्याकडे बघायची. आधी नुसतं बघितलं. मग डोळ्यांनी खाटेखाली खुणावलं. तिनं हात खाली घालून चाचपलं होतं आणि तिथे काही नव्हतं. मग ती ओठ न हलवता म्हणाली, "रजू, बाहेर जायचंय." मला कळलं. चाचीकडे जाऊन यायला मला दोन मिनिटं लागली असती. पण कॅलिपर घेऊन येताना पाहुण्यांपैकी कुणी मागच्या बाजूला आलं असतं तर बघितलं असतं, आणि ते चढवून ती उठली असती तर खट् झालं असतं. मी वाटीत रस्सा वाढून घेतला आणि बाहेर गेले. पुढच्या वेळेला आत गेले तेव्हा तिच्याकडे बघितलंच नाही. सुपातले तांदूळ तिनं इतके निवडले होते की त्यात निवडायला काही राहिलं नव्हतं, तरी ती निवडत होती.

जेवणं झाल्यावर मुलाची आई हात धुवायला मागच्या बाजूला आली आणि आतल्या खोलीत डोकावली. रांगडी बाई, पदर खोचलेला. "अगं बाई, हितं कोन बसलंय? बाहीर ये की पोरी, एकलीच काय बसलीस?" अक्का हसली. "बरं नाही जरा," म्हणाली. तेवढ्यात खाटेच्या पट्ट्यांतून फरशीवर थेंब पडायला लागले. पहिल्यांदा एक, मग धार. शहाबादी फरशीवरून ते पाणी सरळ त्या बाईच्या पायापर्यंत आलं. माझ्या मागे आई येऊन उभी राहिली होती, दारात आप्पा. फडकं आणायला कुणी हललं नाही. अक्काची मान खाली होती आणि गुलाबी साडी मांडीपाशी काळी पडत चालली होती. "ही कोन गं?" त्या बाईनं विचारलं.

मी म्हणाले, "शेजारची आहे. डोक्यानं कमी आहे. दिवसा आई सांभाळते."

हे माझं वाक्य. आईचं नाही, आप्पांचं नाही. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. अक्कानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग तिनं खालचा ओठ सैल सोडला, तोंड उघडं टाकलं, आणि हसली. वेडी माणसं हसतात तशी, मान एका बाजूला टाकून. तोंडाच्या कडेनं लाळ येऊ दिली. चाळीतली सगळ्यांत हुशार मुलगी, बायकांना एका प्रश्नात गप्प करणारी, माझ्या लग्नासाठी माझ्यासमोर वेडी झाली. मुलाच्या आईनं "अरारारा" केलं. बाहेर जाऊन ताटलीतला चिक्कीचा तुकडा आणला, अक्काच्या शेजारी त्या ओल्या खाटेवरच टेकली आणि तो तिच्या तोंडात घातला. तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. वेड्यांना समजावतात तसं काहीतरी असेल, असं मला वाटलं. अक्का मान हलवत चिक्की चघळत राहिली. मुलाच्या आईनं बाहेर येऊन आप्पांना सांगितलं, "आमाला पोरगी पसंत हाय."

पाहुणे गेले. आईनं खाट मोरीत उभी केली आणि पाणी ओतताना मला म्हणाली, "बरं झालं तुला येळेवर सुचलं." आप्पा बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत आलेच नाहीत. अक्का भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. तोंड पुसून तिनं विचारलं, "जमलं ना?" मी म्हटलं, "जमलं." "मग कॅलिपर आण." मी उठायच्या आत चाचीच दारात आली. तिनं ते टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. गव्हाच्या डब्यामागे तिला ते सापडलं होतं. "सुजाताची हाडं हायती ही, रजनी," ती मला म्हणाली. "पुन्यांदा माझ्या घरात लपवू नको." मी पट्टे बांधायला वाकले तर अक्कानं माझा हात बाजूला केला. चारही पट्टे तिनं स्वतः बांधले, सावकाश, एकेका भोकाला हात लावून. त्यानंतर तिनं मला त्याला कधी हात लावू दिला नाही.

एकदा शेजारची केली म्हटल्यावर तिला लग्नात बहीण कशी करणार? विहारात पांढरी साडी नेसून मी पंचशील घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते मी सगळ्यांच्या मागोमाग स्पष्ट म्हटलं, आवाज कापला नाही. अक्का तेव्हा मागच्या शेडमध्ये आचाऱ्यांबरोबर कांदे कापत होती. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही. पुढच्याच महिन्यात तिनं घर सोडलं. पुण्यात मुलींच्या वसतिगृहात राहिली, शिकली, समाजकार्याची पदवी घेतली. जिने चढून, बसच्या पायऱ्या चढून. ते कसं केलं मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. आईच्या तोंडून कधीतरी कानावर यायचं, तिला नोकरी लागली, कुठल्याशा संस्थेत. मी विषय बदलायचे.

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं. सासरे आणि नवरा दोघांनी तोंड फिरवलं. सासरे म्हणाले, "हिच्या घराण्यात कायतरी हाय. फशिवलं आपल्याला. दोघींना पोचवा लोनावळ्याला." नवऱ्यानं माझी ट्रंक दारात आणून ठेवली. हाच तो माणूस, ज्याच्यासाठी मी ते वाक्य बोलले होते. सासू मात्र अडून बसल्या. "वडगावला एक बाई हाय म्हनं, लय कडक. तिच्याम्होरं जाऊ, मग काय ते ठरवा," म्हणाल्या. आम्ही चौघं आणि लेकरू वडगावला गेलो. कोर्टाच्या मागे एका खोलीत ते केंद्र होतं, बाहेर बाकडं, दाराला पडदा. बाकड्यावर बसले आणि पडद्यामागून आवाज आला, खट्.

तिची पद्धत अशी की आधी फक्त बायका आत घ्यायच्या. पुरुषांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचं. आत आम्ही दोघी गेलो. अक्का टेबलामागे बसलेली, चष्मा लागलेला, केस थोडे पांढरे. माझ्याकडे तिनं बाकीच्यांकडे बघावं तसं बघितलं आणि फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, गाव. मी सांगत गेले. मग तिनं विचारलं, "माहेरी कोण कोण?"

"आई आणि आप्पा."

"भावंडं?"

सासू लेकराची कुंची नीट करत होत्या. खिडकीतून बाजारातला गलका येत होता. अक्का पेन धरून थांबली. ती घाई करत नसे, हे सगळ्या बायका सांगतात. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर सासू म्हणतील की बघा, लंगडेपण घराण्यातलंच, आणि ट्रंक दारातच आहे. मी म्हणाले, "नाहीत."

तिनं लिहिलं, "नाहीत." मला उलटं दिसत होतं, अक्षर तसंच वळणदार. मग ती म्हणाली, "बाळ टेबलावर ठेवा." तिनं ते वळलेलं पाऊल तळहातात घेतलं आणि अंगठ्यानं हळूच सरळ करून बघितलं. बाळ रडलं नाही. "हे प्लास्टरनं सरळ होतं. पुण्याला दर आठवड्याला न्यावं लागेल. कोण नेणार?" सासू म्हणाल्या, "म्या नेईन." मग पुरुषांना आत घेतलं. सासऱ्यांनी तोच प्रश्न काढला, "हिच्या घरात कुनाला हाय का असं, ते इचारा हिला." अक्का फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "कागदावर तर कुणी नाही." पुढचा अर्धा तास तिनं त्या दोघांना जे सोललं ते मी जन्मात विसरणार नाही. आवाज एकदाही चढला नाही. नवऱ्याला विचारलं, "तुमच्या हाताचं एक बोट वाकडं निघालं असतं तर आईनं तुमची ट्रंक दारात ठेवायची का?" शेवटी लेखी करून घेतलं, बाळाचे उपचार करायचे, बायकोला घरात ठेवायचं, आणि मी पोस्टाची परीक्षा द्यायची. ही शेवटची अट कुणी मागितलीच नव्हती. लग्नाआधी मला पोस्टात लागायचं होतं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आम्ही निघालो तेव्हा ती उठली नाही. बसल्यावर ती धडधाकटच दिसायची.

मुलीचा पाय सरळ झाला. आता ती लोकल पकडायला धावते. तळेगावच्या पोस्टात खिडकीमागे माझी तीस वर्षं गेली, पेन्शन आहे. अक्काकडे मी गेले नाही. आप्पांच्या मातीला ती आली आणि चाचीच्या बाजूला, शेवटच्या ओळीत उभी राहिली. मी पुढे बोलावलं नाही, तीही आली नाही.

सासू अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं. एके दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या थोरलीला बलीव एकदा. बघावं वाटतं तिला." "कुठली थोरली?" मी म्हणाले. त्या वयातही माझ्या तोंडून तेच निघालं.

"आता तरी सोड की गं," त्या म्हणाल्या. "पयल्या दिसापासनं ठावं हाय मला. खाटंखाली पानी झालं तवा तुझ्या आयनं तोंड फिरवलं. शेजारच्या पोरीसाठी कुनी तोंड फिरवतं व्हय? फडकं आनतं मानूस. चिक्की भरवताना म्या तिच्या कानात इचारलं, थोरली न्हवं का तू? तिनं मान हलवली. म्हनलं, आसल्या बहिनीची बहीन हाय, आज ना उद्या खरं बोलंल. फुडं वडगावच्या बाजारात दिसली तवा वळखली म्या तिला, म्हनून तर तुला तिच्याकडं नेलं." मग तोंड उघडून त्यांनी पेजेचा पुढचा घास मागितला.

दुसऱ्या दिवशी मी बेगडेवाडीला उतरले. स्टेशनजवळ अक्काची खोली होती. दार उघडंच होतं, ती पलंगावर फायली मांडून बसली होती. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "त्यांना माहीत होतं." तिनं चष्म्यावरून बघितलं. "हो," म्हणाली. "बस."

"तुला माहीत होतं की त्यांना माहीत आहे?"

"चिक्की तोंडात असल्यापासून."

"मग टेबलावर मला भावंडं का विचारलीस?"

"फॉर्मवर प्रश्न आहे, तो सगळ्यांना विचारायचा." थोडा वेळ ती फायलीची नाडी बांधत राहिली. मग म्हणाली, "पुरुषांना मी बाहेर काढते ते ह्याचसाठी, रजू. आत आपण तिघीच होतो. दोघींना माहीत होतं. तू हो म्हणाली असतीस तर तुझं काहीच जाणार नव्हतं."

मी रडायला लागले. तिनं मला थांबवलं नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी म्हटलं, "अक्का, मला माफ कर." ती म्हणाली, "पहिल्या वेळेचं मी त्याच दिवशी सोडलं होतं. तेव्हा तू घाबरलेली पोर होतीस. टेबलावर तू बाई होतीस, आई होतीस, मांडीवर तसल्या पायाचं लेकरू घेऊन. तेव्हाचं नाही जमत मला. मी खूप वर्षं करून बघितलं."

मी खाली बसले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, माझा हात तिच्या बुटाच्या पट्ट्याकडे गेला. तिनं दोन्ही हातांनी पाय उचलून मागे घेतला. मग पलंगाचा कठडा धरून उभी राहिली, कडी पडली, खट्, आणि स्टोव्हकडे गेली. चहा केला. स्वतःसाठी पेल्यात ओतला. माझा कपबशीत आणला. मी तो प्यायले आणि कप विसळायला उठले.

"असू दे," ती म्हणाली. "पाहुण्यांना मी कप विसळू देत नाही."